हेन्री नोल्स बीचर

हेन्री नोल्स बीचर (४ फेब्रुवारी १९०४ – २५ जुलै १९७६) हे अमेरिकन भूलतज्ज्ञ, औषध-संशोधक आणि वैद्यकीय नीतिशास्त्राचे अभ्यासक होते. हार्वर्ड विद्यापीठात ते भूलशास्त्राचे प्राध्यापक आणि बॉस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये भूलविभागाचे प्रमुख होते. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या वेदनेविषयी त्यांनी केलेली निरीक्षणे, प्लासिबोच्या (निष्क्रिय, आभासी औषधाच्या) परिणामाची त्यांनी १९५५ साली केलेली मोजदाद, रुग्णांवरील अनैतिक प्रयोगांविषयीचा १९६६ चा लेख आणि मेंदूमृत्यूच्या निकषांसाठी नेमलेल्या समितीचे १९६८ मधील अध्यक्षपद या चार कामांसाठी ते प्रामुख्याने ओळखले जातात. वेदनेची तीव्रता केवळ जखमेच्या आकारावर नव्हे, तर ती जखम रुग्णाच्या लेखी काय अर्थ बाळगते यावरही अवलंबून असते, हा त्यांच्या संशोधनाचा गाभा होय. पुढे आरोग्य मानसशास्त्र म्हणून विकसित झालेल्या ज्ञानशाखेत या विचाराला महत्त्वाचे स्थान मिळाले.

बालपण व शिक्षण

बीचर यांचा जन्म अमेरिकेतील कॅन्सस राज्यात झाला. त्यांचे मूळ नाव हॅरी अनँग्स्ट असे होते. तरुणपणी त्यांनी ते बदलून हेन्री नोल्स बीचर हे नाव घेतले. एकोणिसाव्या शतकातील धर्मोपदेशक हेन्री वॉर्ड बीचर व लेखिका हॅरिएट बीचर स्टो यांच्यामुळे हे आडनाव अमेरिकेत प्रतिष्ठित मानले जात असे. मात्र त्या घराण्याशी त्यांचे नाते नव्हते.

कॅन्सस विद्यापीठातून त्यांनी १९२६ साली रसायनशास्त्रातील पदवी व १९२७ साली पदव्युत्तर पदवी मिळवली. त्यानंतर ते हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले आणि १९३२ साली वैद्यकीय पदवीधर झाले. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये शल्यचिकित्सक एडवर्ड चर्चिल यांच्या हाताखाली त्यांनी शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण घेतले. १९३५ साली कोपनहेगन येथे नोबेल पारितोषिक विजेते शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी संशोधन केले.

भूलशास्त्रातील कार्य

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन यांनी ईथर देऊन शस्त्रक्रिया करता येते हे जाहीरपणे दाखवले होते. त्याच रुग्णालयात १९३६ साली बीचर भूलविभागाचे प्रमुख झाले. भूलशास्त्राचे रीतसर प्रशिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते; शल्यचिकित्सा व शरीरक्रियाशास्त्र हीच त्यांची पार्श्वभूमी होती. १९४१ साली हार्वर्डमध्ये देणगीतून स्थापन झालेल्या भूलशास्त्राच्या हेन्री आयझेया डॉर प्राध्यापकपदावर त्यांची नेमणूक झाली आणि निवृत्तीपर्यंत ते या पदावर राहिले.

डोनाल्ड टॉड यांच्यासह त्यांनी १९४८ ते १९५२ या काळात दहा रुग्णालयांत दिल्या गेलेल्या ५,९९,५४८ भुलींचा आढावा घेतला. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात भुलीशी संबंधित मृत्यूंचे प्रमाण सुमारे १,५६० भुलींमागे एक असे आढळले. स्नायू शिथिल करणाऱ्या कुरारेसारख्या औषधांचा वापर झालेल्या रुग्णांत हे प्रमाण बरेच अधिक होते. या औषधांतच मूळचा विषारी गुण असावा हा त्यांचा निष्कर्ष अनेक भूलतज्ज्ञांनी अमान्य केला. दोष औषधाचा नसून रुग्णाच्या श्वसनाकडे पुरेसे लक्ष न देण्याचा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. तरीही एवढ्या मोठ्या संख्येच्या आधारे भुलीतील धोका मोजण्याचा हा आरंभीचा प्रयत्न म्हणून या अभ्यासाला महत्त्व आहे.

युद्धभूमीवरील निरीक्षणे

दुसऱ्या महायुद्धात बीचर यांनी अमेरिकन सैन्याच्या वैद्यकीय सेवेत उत्तर आफ्रिका व इटली येथे काम केले. तेथे मॉर्फिनच्या वापराविषयी त्यांनी एक महत्त्वाची नोंद केली. थंडी व रक्तस्राव यांमुळे रक्ताभिसरण मंदावलेल्या सैनिकाला त्वचेखाली मॉर्फिन टोचले, तर ते लगेच शोषले जात नाही. गुण येत नाही म्हणून पुन्हा पुन्हा टोचले जाते आणि रक्ताभिसरण सुधारताच साठलेले सर्व मॉर्फिन एकदम रक्तात उतरून विषबाधा होते. या उशिरा होणाऱ्या विषबाधेविषयी त्यांनी १९४४ साली लिहिले.

याच काळात त्यांनी २१५ गंभीर जखमी सैनिकांच्या वेदनेची पद्धतशीर नोंद केली. लांब हाडांचे उघडे अस्थिभंग, मांसल भागावरील विस्तृत जखमा आणि छाती, पोट किंवा मेंदूत शिरलेल्या जखमा अशा पाच प्रकारच्या जखमींचा त्यात समावेश होता. पुढच्या आघाडीवरील रुग्णालयात आल्यावर, शुद्धीवर व बोलण्याच्या स्थितीत असताना त्यांना वेदनेविषयी विचारले गेले. मॉर्फिन मिळालेल्यांच्या बाबतीतही त्याला कित्येक तास उलटून गेलेले होते. सुमारे एक-तृतीयांश सैनिकांनी मुळीच वेदना नसल्याचे सांगितले, तर सुमारे एक-चतुर्थांश सैनिकांना वेदना किरकोळ वाटत होत्या. तीव्र वेदना होत असल्याचे सांगणारे केवळ एक-चतुर्थांशाच्या आसपास होते आणि वेदनाशामक हवे का, असे विचारल्यावर जवळपास तीन-चतुर्थांश सैनिकांनी ते नाकारले.

या सैनिकांची वेदना जाणवण्याची क्षमताच नाहीशी झाली होती, असे नव्हते. शिरेत सुई नीट टोचली गेली नाही, तर तेही इतरांप्रमाणेच तक्रार करीत. ज्यांची तळमळ अधिक होती, त्यांतील काहींना वेदनेपेक्षा भीतीने किंवा तहानेने ग्रासले होते आणि अशांना मॉर्फिनऐवजी सौम्य शामक औषध दिले तरी ते शांत होत. ही निरीक्षणे १९४६ साली प्रसिद्ध झाली.

युद्धानंतर बीचर यांनी नागरी रुग्णालयात शस्त्रक्रिया झालेल्या दीडशे पुरुषांशी या निष्कर्षांची तुलना केली. त्यांच्या जखमा सैनिकांच्या जखमांहून लहान असूनही पाचांपैकी चारांहून अधिक रुग्णांनी वेदनाशामक मागितले. सैनिकांमध्ये हे प्रमाण सुमारे एक-तृतीयांश होते. १९५६ सालच्या लेखात बीचर यांनी याचे स्पष्टीकरण जखमेच्या अर्थात शोधले. सैनिकाच्या लेखी जखम म्हणजे रणांगणातून जिवंत सुटका आणि घरी परतण्याची शक्यता होती. नागरिकाच्या लेखी शस्त्रक्रिया म्हणजे सुरळीत आयुष्यावर कोसळलेले संकट होते. दोन्ही गटांची वये, परिस्थिती व प्रशिक्षण भिन्न असल्याने ही तुलना काटेकोर प्रयोगाच्या तोडीची नव्हती. तथापि जखम मोठी म्हणजे वेदना मोठी हे सरळ गणित तिने अस्थिर केले.

युद्धाच्या काळात मॉर्फिन संपल्यामुळे एका परिचारिकेने जखमी सैनिकाला मिठाचे पाणी टोचले, तरी त्याची वेदना शमली आणि ते पाहून बीचर प्लासिबोच्या अभ्यासाकडे वळले, अशी कथा अनेक पुस्तकांत आढळते. बीचर यांच्या प्रसिद्ध लेखनात मात्र या कथेला आधार सापडत नाही.

प्लासिबोविषयीचे संशोधन

प्लासिबो या लॅटिन शब्दाचा अर्थ मी संतुष्ट करीन असा होतो. रुग्णाचे समाधान व्हावे एवढ्यासाठी दिलेल्या औषधाला हे नाव अठराव्या शतकापासून वापरले जात होते. डॉक्टरांच्या दृष्टीने ती एक निरुपद्रवी फसवणूक होती. बीचर यांनी तिच्याकडे मोजता येण्याजोगी घटना म्हणून पाहिले.

लुई लसान्या, आर्थर कीट्स व संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक मॉस्टेलर यांच्यासह त्यांनी शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेवर औषधांच्या चाचण्या केल्या. या चाचण्यांत रुग्णाला व वेदनेची नोंद करणाऱ्यालाही दिलेले औषध खरे की आभासी हे ठाऊक नसे. प्लासिबोने बरे वाटणाऱ्या रुग्णांचा एक ठरावीक गट असतो का, हेही त्यांनी तपासले. एकाच रुग्णाला एकदा प्लासिबोने आराम पडतो आणि दुसऱ्या वेळी पडत नाही, असे त्यांना वारंवार आढळले. प्लासिबोने आराम पडलेल्या रुग्णाची वेदना खोटी किंवा कल्पित होती, हा समज त्यामुळे टिकेनासा झाला; कारण ही वेदना शस्त्रक्रियेच्या ताज्या जखमेची होती.

२४ डिसेंबर १९५५ रोजी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात बीचर यांचा प्लासिबोच्या सामर्थ्याविषयीचा लेख प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी १५ अभ्यासांतील एकूण १,०८२ रुग्णांची माहिती एकत्र केली. शस्त्रक्रियेनंतरची वेदना, खोकला, हृदयशूल (अंजायना), डोकेदुखी, जहाजावरील प्रवासात लागणारी मळमळ, चिंता व सर्दी अशा विविध तक्रारींचा त्यांत समावेश होता. प्लासिबोने समाधानकारक आराम मिळालेल्या रुग्णांचे सरासरी प्रमाण ३५.२ टक्के निघाले. प्लासिबोमुळे तोंडाला कोरड पडणे, मळमळ, डोकेदुखी, गुंगी व थकवा असे दुष्परिणामही होतात, याकडे त्यांनी लक्ष वेधले. ताण जितका अधिक, तितका प्लासिबोचा परिणाम अधिक, असा त्यांचा अंदाज होता.

या लेखाचा व्यावहारिक निष्कर्ष स्पष्ट होता. औषध घेतल्यावर रुग्णाला बरे वाटले, एवढ्यावरून ते औषध गुणकारी ठरत नाही. त्यासाठी खरे औषध व प्लासिबो यांची तुलना आवश्यक आहे आणि कोणाला काय दिले हे रुग्ण व परीक्षक या दोघांपासूनही लपवले पाहिजे. दुहेरी अंध चाचणीची पद्धत वैद्यकात रुजण्यास या लेखाचा मोठा हातभार लागला.

१९५९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बीचर यांनी व्यक्तिनिष्ठ अनुभव मोजण्याच्या पद्धतींची मांडणी केली. वेदनेचे त्यांनी दोन घटक मानले : मूळ संवेदना आणि मनाने त्या संवेदनेला दिलेला प्रतिसाद. प्रयोगशाळेत निरोगी स्वयंसेवकाला मुद्दाम दिलेली वेदना आणि आजारपणातील वेदना यांत फरक असतो. पहिलीत भीती व चिंता नसल्यामुळे मॉर्फिनसारख्या प्रभावी औषधाचा परिणामही तीत नीट दिसून येत नाही, असे त्यांनी दाखवले.

१९६१ साली त्यांनी हाच विचार शस्त्रक्रियेला लावला. हृदयशूलावर उपाय म्हणून छातीतील एक धमनी बांधण्याची शस्त्रक्रिया त्या काळी लोकप्रिय झाली होती. पुढे काही रुग्णांवर ही शस्त्रक्रिया केली गेली आणि काहींच्या छातीवर केवळ छेद घेऊन तो शिवला गेला. दोन्ही गटांना सारखाच आराम पडला आणि ती शस्त्रक्रिया मागे पडली. शल्यचिकित्सकाच्या उत्साहाचाही रुग्णाच्या अनुभवावर परिणाम होतो, असे बीचर यांनी यावरून प्रतिपादन केले.

संशोधनातील नैतिकता

प्लासिबोच्या अभ्यासासाठी रुग्णाचा सहभाग व त्याचे शब्द यांवाचून दुसरे साधन नव्हते. अशा संशोधनात त्या रुग्णाचे हित कोण पाहतो, हा प्रश्न १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून बीचर यांच्या लेखनात प्रमुख होत गेला. मार्च १९६५ मध्ये मिशिगन राज्यातील ब्रूक लॉज येथील परिषदेत त्यांनी अनैतिक प्रयोगांची उदाहरणे मांडली. ती ऐकून वैद्यकीय वर्तुळात मोठी खळबळ माजली व सहकाऱ्यांनी त्यांच्यावर अतिशयोक्तीचा आरोप केला.

त्यांच्या लेखाच्या मूळ मसुद्यात सुमारे ५० उदाहरणे होती. एका नियतकालिकाने तो नाकारल्यावर १६ जून १९६६ रोजी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २२ उदाहरणांसह तो प्रसिद्ध झाला. ही उदाहरणे नामांकित संस्थांतील व प्रतिष्ठित नियतकालिकांत छापलेल्या संशोधनांतून घेतलेली होती. घशाचा संसर्ग झालेल्या सैनिकांना संधिज्वराचा धोका ठाऊक असूनही पेनिसिलिन न देणे, मतिमंद मुलांच्या संस्थेतील बालकांना कावीळ निर्माण करणाऱ्या विषाणूचा संसर्ग घडवणे, वृद्ध रुग्णांना पुरेशी कल्पना न देता कर्कपेशी टोचणे अशी ती उदाहरणे होती. बीचर यांनी एकाही संशोधकाचे नाव दिले नाही. दोष व्यक्तींपेक्षा प्रचलित रीतीत आहे, हे त्यांना दाखवायचे होते. प्रयोग नैतिक की अनैतिक हे आरंभीच ठरते आणि उपयुक्त निष्कर्ष निघाला म्हणून तो नंतर नैतिक ठरत नाही, ही त्यांची भूमिका होती.

कायद्याच्या किंवा ताठर नियमावलीच्या साहाय्याने प्रश्न सुटेल असे मात्र त्यांना वाटत नव्हते. आजारी माणूस डॉक्टरांवर विसंबून असतो, त्यामुळे त्याने दिलेली संमती कागदावर पूर्ण दिसली तरी प्रत्यक्षात अपुरी असू शकते. म्हणून माहितीपूर्ण संमतीच्या जोडीला जाणता, सहृदय व जबाबदार संशोधक असणे हे अधिक भरवशाचे संरक्षण होय, असे त्यांचे मत होते. पुढील घटनांनी या मताला पूर्ण साथ दिली नाही. अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे उपदंशाच्या कृष्णवर्णीय रुग्णांना दशकानुदशके उपचारांपासून वंचित ठेवल्याचे १९७२ साली उघड झाले आणि १९७४ साली अमेरिकेत संशोधनातील मानवी सहभागींच्या संरक्षणासाठी कायदा करण्यात आला.

बीचर यांचे स्वतःचे संशोधनही या प्रश्नापासून मुक्त नव्हते. १९५० च्या दशकात त्यांनी अमेरिकन सैन्याच्या निधीतून एलएसडी या भ्रमकारी औषधाचे प्रयोग स्वयंसेवकांवर केले होते. नंतर खुल्या झालेल्या सरकारी कागदपत्रांमुळे या प्रयोगांमागे चौकशीतंत्रासाठी अशा औषधांचा उपयोग करण्याचे लष्करी उद्दिष्ट होते, हे पुढे आले. त्यांनी १९६६ च्या लेखात या कामाचा उल्लेख केला नव्हता. त्यामुळे त्यांच्या नैतिक भूमिकेचे मूल्यमापन करताना इतिहासकार या दोन्ही बाजू विचारात घेतात.

मेंदूमृत्यूचे निकष

कृत्रिम श्वसनयंत्रांमुळे मेंदू कायमचा निकामी झालेल्या रुग्णाचेही हृदय धडधडत ठेवणे शक्य झाले. डिसेंबर १९६७ मध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी केपटाउन येथे पहिले मानवी हृदयरोपण केल्यावर मृत्यू नेमका केव्हा मानावा हा प्रश्न तातडीचा बनला. हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालयाने बीचर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा अहवाल ५ ऑगस्ट १९६८ रोजी प्रसिद्ध झाला. बाह्य उत्तेजनांना कोणताही प्रतिसाद नसणे, हालचाल व स्वतःहून श्वसन नसणे, प्रतिक्षिप्त क्रियांचा अभाव आणि यांना दुजोरा देणारा मेंदूचा सपाट विद्युतालेख हे निकष त्यात मांडले गेले. चोवीस तासांनी पुन्हा तपासणी करण्याची अटही घातली गेली. रुग्णाच्या कुटुंबावरील व रुग्णालयावरील भार हलका करणे आणि अवयव मिळवण्यातील वाद टाळणे ही दोन कारणे अहवालात दिली होती. त्यांतील दुसऱ्या कारणावर पुढे बरीच टीका झाली.

मेंदूमृत्यूची संकल्पना नंतर अनेक देशांच्या कायद्यांत आली. भारतात १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मेंदूच्या स्तंभाच्या मृत्यूला मान्यता दिली. हा कायदा आरंभी गोवा, महाराष्ट्र व हिमाचल प्रदेश ही राज्ये आणि केंद्रशासित प्रदेश यांना लागू करण्यात आला होता.

अखेरची वर्षे

बीचर १९७० साली निवृत्त झाले. त्याच वर्षी मानवी संशोधन व व्यक्ती यांच्या संबंधांविषयीचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. २५ जुलै १९७६ रोजी वयाच्या ७२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. जैवनीतिशास्त्राच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध असलेली अमेरिकेतील हेस्टिंग्ज सेंटर ही संस्था पूर्वी त्यांच्या नावाने पुरस्कार देत असे.

मूल्यमापन व वारसा

रोनाल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली वेदनेचा द्वारनियंत्रण सिद्धांत मांडताना बीचर यांच्या जखमी सैनिकांवरील निरीक्षणांचा आधार घेतला. मेंदूकडून खाली येणारे संदेश वेदनेची वाट अडवू शकतात, हा या सिद्धांताचा एक भाग होता. १९७८ साली जॉन लेव्हिन, न्यूटन गॉर्डन व हॉवर्ड फील्ड्स यांनी दात काढल्यानंतरच्या वेदनेवर केलेल्या प्रयोगात नॅलॉक्सोन या औषधाने प्लासिबोचा वेदनाशामक परिणाम कमी होतो असे आढळले. शरीरात तयार होणारी अफूसदृश द्रव्ये या परिणामामागे असावीत, असा त्याचा अर्थ लावला गेला. त्याच वर्षी अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनमध्ये आरोग्य मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग स्थापन झाला.

दुसरीकडे, १९५५ च्या लेखातील आकड्यांची कठोर छाननीही झाली. गुनव्हर कीनले व हेल्मुट कीने यांनी १९९७ साली मूळ अभ्यास पुन्हा तपासून सुधारणेची इतर कारणे दाखवून दिली. सर्दीसारखे आजार आपोआप बरे होतात. रुग्ण बहुधा त्रास सर्वाधिक असताना उपचार घेतो आणि त्यानंतर त्रास नैसर्गिकपणेच उतरतो. डॉक्टरांना बरे वाटावे म्हणूनही रुग्ण कधी आराम पडल्याचे सांगतो. मुळीच उपचार न दिलेला गट तुलनेसाठी नसल्यास ही सर्व सुधारणा प्लासिबोच्या खात्यावर जमा होते. ह्रोब्यार्टसन व गॉट्शे यांनी २००१ साली असे गट असलेल्या चाचण्या तपासल्या, तेव्हा प्लासिबोचा परिणाम सर्वसाधारणपणे लहान आढळला. वेदनेसारख्या रुग्णाने स्वतः सांगितलेल्या तक्रारींत मात्र तो काही प्रमाणात दिसला. त्यामुळे दर तीन रुग्णांपैकी एकाला प्लासिबोने आराम पडतो, हे पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षे उद्धृत होत आलेले विधान आता जसेच्या तसे स्वीकारले जात नाही.

आकडा मागे पडला, तरी त्यामागील प्रश्न टिकून आहे. रुग्णाची अपेक्षा, भीती, डॉक्टरांवरील विश्वास व उपचारांचे वातावरण यांचा आजाराच्या अनुभवावर परिणाम होतो आणि तो मोजता येतो, हे गृहीतक आज वेदनाव्यवस्थापन, शुश्रूषा व औषधचाचण्या या तिन्ही क्षेत्रांत मान्य आहे. वेदना किती आहे हे शेवटी रुग्णालाच विचारावे लागते, आणि ज्याला विचारायचे त्याला प्रयोगाचे साधन मानता येत नाही. बीचर यांच्या वेदनासंशोधनाला त्यांच्या नीतिविषयक लेखनाशी जोडणारा दुवा या जाणिवेत आढळतो.